आवर्तन आणि पुनरावृत्ती : मिनिमलिस्ट संगीत आणि किराणा परंपरेचा श्रोता

जानेवारी १९७३ मध्ये न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, बॉस्टन सिंफनीच्या नेहमीच्या श्रोत्यांपुढे, स्टीव्ह राइश यांची ‘फोर ऑर्गन्स’ ही रचना सादर झाली. चार विद्युत् ऑर्गन, खुळखुळ्यासारख्या मराकासचा अखंड ठेका आणि एकच स्वरसंघात, एवढेच तिचे साहित्य. तो स्वरसंघात हळूहळू लांबत जातो. याहून वेगळे काही घडत नाही. श्रोत्यांनी आरडाओरडा केला, रचना लवकर संपावी म्हणून मध्येच टाळ्या पिटल्या. एका वृद्ध स्त्रीने पायातला बूट काढून रंगमंचाच्या कडेवर आपटला, अशी आठवण त्या रात्रीचे संचालक मायकेल टिल्सन थॉमस यांनी सांगितली आहे. त्याच सभागृहात मनापासून दाद देणारेही होते.

अशा परस्परविरोधी प्रतिक्रियांचे स्पष्टीकरण बहुधा अभिरुचीभेद या एका शब्दात दिले जाते. ते अपुरे आहे. मिनिमलिस्ट, म्हणजे मोजक्या स्वरसामग्रीवर आणि तिच्या पुनरावृत्तीवर उभ्या असलेल्या, संगीताविषयी श्रोते भांडतात तेव्हा ते बहुधा आपण कशाची वाट पाहत होतो हेच सांगत असतात. पुण्यातील श्रोत्याच्या संदर्भात ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. कारण या संगीताच्या एका मुख्य प्रवाहाचे नाते थेट किराणा घराण्याशी जुळते आणि किराणा गायकी ऐकत पुण्याच्या कित्येक पिढ्यांचे कान तयार झाले आहेत. अब्दुल करीम खाँ यांचे आर्य संगीत विद्यालय याच शहरात होते; हिराबाई बडोदेकर येथेच राहिल्या; सवाई गंधर्वांच्या स्मृत्यर्थ १९५३ मध्ये सुरू झालेला महोत्सव येथलाच.

अमेरिकी संगीतकार ला मॉन्ट यंग यांनी १९६० मध्ये एक रचना लिहिली. तिच्यात फक्त दोन स्वर असून ते दीर्घकाळ धरून ठेवावेत एवढीच सूचना आहे. त्या दोन स्वरांतले अंतर षड्ज-पंचमाचे आहे. म्हणजे तंबोऱ्याचा अर्धा कारभार. पुढे यंग आणि टेरी रायली हे दोघेही पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. प्राणनाथ (१९१८–१९९६) हे किराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. १९७० मध्ये ते अमेरिकेत गेले आणि अखेरपर्यंत मुख्यतः तिकडेच राहिले. रायली यांनी सव्वीस वर्षे, गुरूच्या मृत्यूपर्यंत, त्यांच्याकडे तालीम घेतली. ज्या संथ, अलंकरणाला जवळजवळ पारख्या आलापीमुळे न्यू यॉर्कच्या श्रोत्यांना प्राणनाथ द्रष्टे वाटले, तिला भारतीय मैफलींत तेवढा मान मिळाला नाही. गाणे तेच, वाट पाहणे वेगळे.

तेव्हा किराण्यावर वाढलेल्या श्रोत्याला हे संगीत परके वाटू नये अशी अपेक्षा करता येते. ‘फोर ऑर्गन्स’पुरती ती बऱ्याच अंशी खरी ठरावी. त्या रचनेतला स्वरसंघात पाश्चात्त्य संवादशास्त्राच्या दृष्टीने अपूर्ण आहे. तो दुसऱ्या, विश्रांतीच्या स्वरसंघाताकडे जाईल, ही त्या परंपरेतील कानाची जुनी सवय. रचना ही अपेक्षा शेवटपर्यंत पुरी करीत नाही, म्हणून बूट आपटला गेला. तंबोऱ्याखाली बसलेल्या कानाला आधार हलावा असे मुळात वाटतच नाही. त्यामुळे ही विशिष्ट तक्रार त्याच्याकडून येणार नाही.

फिलिप ग्लास यांच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेराजवळ मात्र तोच कान अडतो. रॉटरडॅम येथे १९८० मध्ये प्रथम सादर झालेल्या या ऑपेराची संहिता संस्कृत असून भगवद्गीतेतून घेतलेली आहे. विषय गांधीजींचा दक्षिण आफ्रिकेतील लढा. अखेरीस गांधीजींचे पात्र एकच स्वरपंक्ती पुनःपुन्हा गाते : षड्जापासून तार षड्जापर्यंतचा चढता क्रम, तीस वेळा. हे स्वर पाश्चात्त्य परिभाषेत ‘फ्रिजियन’, आपल्या परिभाषेत भैरवी थाटाचे. पुण्याच्या श्रोत्याला भैरवी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रित भैरवीने महोत्सवाची सांगता ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याला ग्लास यांची पंक्ती भैरवी वाटतच नाही. अवरोह नाही, न्यास नाही, मींड नाही. उरतो तो पहाटेच्या रियाझातला पलटा. पलटा रंगमंचावर कशाला, असा प्रश्न त्याला पडला तर तो अडाणीपणा नव्हे.

परंतु त्याच्या ऐकण्यातून एक गोष्ट निसटते. स्वरपंक्ती तीच राहते, तरी तिच्याखालचे स्वरसंघात बदलत जातात. म्हणजे वरचे गाणे स्थिर आणि जमीन चालती. अचल षड्जावर विसंबलेला कान ही हालचाल पार्श्वसंगीत समजून सोडून देतो. जे श्रोते या प्रसंगाने भारावून जातात, ते नेमके तेच ऐकत असतात.

येथे मराठी संगीतसमीक्षेतील एक जुना वाद आठवणे इष्ट ठरेल. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथात घराण्यांची मांडणी स्वर आणि लय यांच्या प्रमाणावरून केली. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा आणि समतोल साधणारे जयपूर, असे त्या मांडणीचे स्थूल रूप. ती करणाऱ्याचा कल कोठे होता हे लपून राहत नाही. पण महत्त्वाचा आहे तो किराण्यावरचा आक्षेप. स्वरात रमून लयीचा बांध ढिला पडतो, बंदिशीचे शब्द पुसट होतात, एकेका स्वरावर फार वेळ जातो, असे त्या गायकीविषयी म्हटले जाई. मिनिमलिस्ट संगीतावर घेतला जाणारा ‘यात काही घडतच नाही’ हा आक्षेप याच जातीचा आहे. किराण्याच्या अभिमान्याने तो रायली किंवा यंग यांच्यावर घ्यावा, यात विसंगती आहे. ग्लास यांच्यावर घेतला तर ती तितकीशी नाही, कारण ग्लास यांचे काम श्रुतीच्या सूक्ष्मतेवर नव्हे, तर लहान लयखंडांच्या बेरजेवर चालते. पॅरिसमध्ये रविशंकर आणि अल्लारखाँ यांच्या सहवासात त्यांनी जे उचलले ते प्रामुख्याने तालाच्या अंगाचे होते. घराण्यांच्या भाषेत सांगायचे तर ग्लास लयीच्या टोकाला उभे आहेत आणि यंग स्वराच्या.

एक अडचण मात्र दोघांच्याही संगीतात शिल्लक राहते. ती म्हणजे समेची. ख्यालातील विलंबित आवर्तन कितीही लांबले, तरी मुखडा येतो, सम येते, आणि सभागृहातील माना एकदम हलतात. रायली यांच्या ‘इन सी’ (१९६४) मध्ये त्रेपन्न छोटे स्वरखंड आहेत. प्रत्येक वादकाने ते क्रमाने वाजवायचे, पण प्रत्येक खंड किती वेळा हे स्वतः ठरवायचे. सर्वांना बांधणारा असतो फक्त एका उच्च स्वराचा अखंड ठोका. या रचनेत परत येण्याची जागा नाही. शेवटचा खंड गाठलेले वादक इतरांची वाट पाहत तोच वाजवीत राहतात, आणि मग एकेक जण थांबतो. माना कुठे हलवायच्या हे येथे श्रोत्याला कोणी सांगत नाही.