पंपाची ओढ आणि आईचा पान्हा

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बाळंतिणीला अंगावरचे दूध काढण्याचा पंप आता सहसा पदरचे पैसे घालून घ्यावा लागत नाही. तिच्या आरोग्य विम्यातून तो घरपोच येतो. २०१० सालच्या आरोग्यसेवा कायद्यामुळे ही सोय झाली आणि १ ऑगस्ट २०१२ नंतर सुरू होणाऱ्या विमावर्षांपासून ती बहुतेक खाजगी योजनांना लागू झाली. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी तिकडे जाऊन आलेल्या आज्यांकडून या यंत्राचे कौतुक आपल्या पुष्कळ वाचकांनी ऐकले असेल. त्यातला सर्वांत नवा प्रकार म्हणजे अंतर्वस्त्राच्या आत बसणारा, नळ्या आणि वायर नसलेला, वाटीसारखा पंप. २०१७-१८च्या सुमारास 'विलो' आणि 'एल्व्ही' या नावांचे असे पंप बाजारात आले. किंमत जोडीला पाचशे डॉलरच्या घरात. पुढे स्वस्त नकला निघाल्या आणि 'विम्यात बसणारा' हे शब्द जाहिरातीत ठळक छापले जाऊ लागले. फुकट मिळालेल्या वस्तूची पारख सहसा कोणी करीत नाही. आम्हाला ती करावीशी वाटते, कारण यात पणाला लागते ते बाळाचे पोट.

या पंपांच्या जाहिरातीत हमखास एक आकडा असतो: कमाल ओढ अमुक मिलिमीटर पारा. बहुधा तो अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान असतो. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा, म्हणजे पंपाच्या नरसाळ्यातील दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. आकडा जितका मोठा तितका पंप चांगला, असे ग्राहकाने समजावे अशी अपेक्षा असते. ही समजूत मुळातच चुकीची आहे.

का, ते गोठ्यात विचारावे. गाईच्या कासेला कितीही ओढ लावली तरी ती पान्हवल्याशिवाय दूध सोडत नाही, म्हणून आधी वासरू तोंडी लावतात. गाय 'पान्हा चोरते' असे आपण म्हणतो, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी नेमके आहे. स्तनात दूध तयार होते ते सूक्ष्म पिशव्यांमध्ये. या पिशव्यांभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते. बाळ चोखू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येते, या पेशी आवळल्या जातात आणि दूध नलिकांत ढकलले जाते. हाच पान्हा. म्हणजे दूध मागून ढकलले जाते आणि बाळाची किंवा पंपाची ओढ ते पुढून वाहून नेते. पान्हा फुटला नसेल तर तीनशे काय, चारशे मिलिमीटरनेही वेदनेखेरीज फारसे काही हाती लागणार नाही. भीती, वेदना आणि घाई यांनी पान्हा अडतो, हे तर आजीलाही ठाऊक असते.

मग बाळाची ओढ तरी किती? ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी २००८ साली ती मोजली. सरासरी कमाल ओढ १४५ मिलिमीटर पारा भरली आणि बाळाबाळांत मोठा फरक आढळला. त्याच गटाने पंपावर केलेल्या प्रयोगात, प्रत्येक आईला त्रास न होता सोसेल अशी जास्तीत जास्त ओढ ठेवली तेव्हा दूध सर्वांत चांगले निघाले. ती सरासरी होती १९० मिलिमीटरच्या आसपास. त्यापुढचा आकडा यंत्राच्या ऐटीचा. शिवाय बाळ एका चालीने चोखत नाही. पान्हा येईपर्यंत सेकंदाला सुमारे दोनदा, भराभर आणि हलके. दूध वाहू लागले की सेकंदाला एकदा, सावकाश. चांगल्या पंपात या दोन्ही चाली असतात. तेव्हा पाहायला हवा तो ओढ आणि वेळ यांचा आलेख: ओढ किती वेळात चढते, किती टिकते, पूर्ण सुटते की नाही. हा आलेख आम्हाला कोणत्याही खोक्यावर आढळला नाही. 'हॉस्पिटल ग्रेड' हे शब्द मात्र आढळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या शब्दांना कोणतीही मान्य व्याख्या दिलेली नाही.

त्या कमाल आकड्यातही एक मेख आहे, आणि ती वर्गात दाखवता येईल. दहा मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्या. दट्ट्या २ वर ठेवून तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि तो १० पर्यंत ओढा. बॉइलच्या नियमाने आतला दाब एक पंचमांश होतो, म्हणजे ओढ सुमारे ६०० मिलिमीटर. आता ८ पासून सुरुवात करून १० पर्यंत ओढा. ओढ जेमतेम १५० भरेल. आत अडकलेली हवा जितकी जास्त, तितकी दट्ट्याच्या एका हेलकाव्याची ओढ कमी. अंतर्वस्त्रात मावणारी मोटर लहान, तिचा हेलकावा लहान. तिच्या वाटीत आणि नरसाळ्यात किती हवा आहे यावर बरेच अवलंबून राहते. तोंड बंद करून मोजलेला आकडा आणि अंगावर लावल्यावर मिळणारी ओढ एक नव्हे. आणखी एक उदाहरण विद्यार्थ्यांना आवडेल. समुद्रसपाटीला २५० मिलिमीटर ओढ देणारा साधा पंप सोळाशे मीटर उंचीवरच्या डेन्व्हर शहरात नेला, तर तिथे हवेचाच दाब सुमारे ६३० असल्याने त्याच प्रमाणात ओढ २०७ च्या जवळ येते. यंत्रात बिघाड काहीच नसतो.

दोन पंपांची तुलना ज्या पद्धतीने छापली जाते तिच्याबद्दल आमची तक्रार अधिक गंभीर आहे. 'सोमवारी हा लावला, मंगळवारी तो लावला, दुसऱ्याने २० मिलिलिटर जास्त दिले' हा प्रयोग नव्हे. सकाळी दूध जास्त निघते, संध्याकाळी कमी. बहुतेक स्त्रियांचा एक स्तन दुसऱ्यापेक्षा जास्त दूध देतो. मागच्या वेळी स्तन किती रिकामा झाला होता, यावरही पुढचे माप ठरते. हे सगळे फरक वीस मिलिलिटरला सहज गिळून टाकतील. रास्त तुलना करायची तर डावी-उजवी बाजू आणि वेळ आलटून पालटून, बऱ्याच स्त्रियांवर, निदान काही दिवस मोजावे लागेल. दूध वाटीवरच्या रेघांनी न मोजता वजनाने मोजावे. वाटी कलली की रेघ खोटे बोलते.

विम्याकडे वळू. इथे पंप वापरणारी एक, पैसे देणारा दुसरा आणि पुरवठादार तिसरा. काही योजना आधी हातपंपच देत. २०२३ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, हातपंप निकामी ठरल्याचा पुरावा न मागता दोन्ही बाजूंचा विजेचा पंप मिळावा असे स्पष्ट म्हटले आहे, हे चांगले झाले. परंतु खोके एकदा उघडले की स्वच्छतेच्या कारणाने ते सहसा परत घेत नाहीत, आणि दुसरा पंप बहुधा पुढच्या बाळंतपणालाच. पारख खोके उघडण्याआधी करायची आणि त्यासाठी लागणारी माहिती खोक्यावर नाही, अशी ही अडचण. या सोयीमागचा हिशेबही पाहावा. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने पगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळते ती बारा आठवड्यांची बिनपगारी, तीही सर्वांना नाही. दूध काढायला वेळ आणि न्हाणीघर नसलेली जागा द्यावी हा नियमही बहुतेक नोकरदार स्त्रियांपर्यंत पोचायला डिसेंबर २०२२ उजाडला. रजा देण्यापेक्षा पंप देणे स्वस्त पडते. फिरता-बोलता दूध काढता येते हे या पंपाचे मोठे आकर्षण. त्याचाच अर्थ कामावरून उठू नका असा होऊ शकतो.

स्वच्छतेची बाब पुस्तिकेत शेवटी असते, ती पहिली असावी. २०१६ साली पेनसिल्व्हेनियात अकाली जन्मलेल्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर जिवाणूची गंभीर लागण झाली. तिचा माग घरच्या नीट न धुतलेल्या पंपापर्यंत लागला. दुधाचा स्पर्श होणारे भाग दर वेळी सुटे करून, मोरीत न ठेवता वेगळ्या भांड्यात साबणाने धुऊन पूर्ण वाळवावे लागतात. वाटीच्या पंपात हे भाग लहान आणि खाचाखोचांचे असतात. परीक्षण करताना ते सोडवून धुवायला लागणारी मिनिटेही मोजावीत.

आमचे मत असे: दूध नीट येऊ लागलेल्या आणि घरी बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला वाटीचा पंप जोडीला म्हणून उपयोगी आहे. बाळ अकाली जन्मले असेल, किंवा पंपाखेरीज दुसरा मार्गच नसेल, तर एकमेव पंप म्हणून तो निवडू नये. तिथे रुग्णालयातून भाड्याने मिळणारा मोठा पंप मागावा. मोठे यंत्र नेहमीच सरस, असेही नाही. दूध काढण्याच्या पद्धतींचा २०१६ चा कॉक्रेन आढावा सांगतो की लवकर सुरुवात, मन निवांत असणे, मालीश, शेक आणि हाताने दूध काढणे हे बिनखर्ची उपाय काही बाबतींत मोठ्या विजेच्या पंपाइतके किंवा त्याहून परिणामकारक ठरू शकतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. अशा पेढीसाठीही दूध पंपाने काढता येते, तसेच हाताने.

कोणाची लेक तिकडून पंपाबद्दल विचारीत असेल तर तिला दोन गोष्टी कळवाव्यात. नरसाळ्याच्या गळ्याचे माप आधी पाहा. खोक्यात बहुधा एक-दोनच मापे येतात. गळा सैल असेल तर भोवतालची त्वचा आत ओढली जाते, तंग असेल तर बोंड घासते, आणि दोन्हींत दूध कमी निघते. आणि काही महिन्यांनी ओढ कमी वाटली तर मोटरला दोष देण्याआधी रबराची झडप बदलून पाहा. ती थोडी फाटली तरी हवा आत शिरते, आणि नवी झडप काही डॉलरांत मिळते.