पत्राने संपलेला सांभाळ

क्लेअर कीगन ह्या आयरिश लेखिकेचे ‘फॉस्टर’ हे पुस्तक आकाराने इतके लहान आहे की, सकाळच्या मिस्सेहून आल्यावर हाती घेतले तर दुपारच्या जेवणापूर्वी वाचून व्हावे. पुस्तकरूपाने ते २०१० साली आले. २०२२ साली त्यावर आयरिश भाषेत निघालेला चित्रपट ‘द क्वाएट गर्ल’ ह्या नावाने जगभर गेला. चित्रपट सुंदर आहे, पण मी येथे लिहीत आहे ते पुस्तकाविषयी.

कथेचा आरंभही मिस्सेनंतरच होतो. १९८१ सालचा उन्हाळा. क्लोनेगल गावातली पहाटेची मिस्सा आटोपल्यावर एक बाप आपल्या मुलीला घरी न नेता वेक्सफर्डच्या किनाऱ्याकडे, नात्यातल्या किन्सेला दांपत्याच्या शेतावर नेऊन सोडतो. आईचे दिवस भरत आले आहेत, घरात खाणारी तोंडे पुष्कळ. मुलीला किती दिवस ठेवावे ह्या प्रश्नावर बापाचे उत्तर एवढेच की, त्यांना हवे तितके दिवस ठेवू द्यावे! जाताना तिच्या कपड्यांची पिशवी गाडीतून उतरवून द्यायचेही तो विसरतो. बाळंतपणासाठी थोरले मूल मावशीकडे ठेवण्याची रीत आपल्याकडेही आहे, तेव्हा ह्या प्रसंगात आपणांस परके असे काही वाटू नये.

किन्सेला पतिपत्नी तिला पोटच्या लेकरासारखे वागवतात. पहिल्याच रात्री मुलगी अंथरूण ओले करते. सकाळी बाई तिला रागावत नाही. गादीलाच पाझर फुटतो, असे म्हणून सारा दोष गादीवर ढकलते. माझ्या मते साऱ्या पुस्तकातले वात्सल्य ह्या एका लहानशा लबाडीत साठले आहे. ह्या घरात काही लपवायचे नाही, असे त्याच बाईने तिला सांगितलेले असते. परंतु एका शेजारणीच्या तोंडून मुलीला कळते की, आपण घालतो ते कपडे त्यांच्या मरण पावलेल्या मुलाचे आहेत.

आणि मग एक दिवस पत्र येते. भाऊ जन्मला, शाळा उघडायची आहे, मुलीला परत आणून सोडावे. ‘हवे तितके दिवस’ ह्या शब्दांची किंमत येथे कळते. ज्यांनी जेवू घातले, न्हाऊ घातले, वाचावयास शिकवले, त्यांना विचारण्याचे कोणास सुचत नाही. दाद मागावी तर कोठे? शलमोन राजापुढे दोन स्त्रिया निदान उभ्या तरी राहू शकल्या. येथे ना राजा आहे, ना कागद, आणि किन्सेलांजवळ मातृत्वाचा दावाही नाही.

त्यांची तक्रार लेखिकेने त्यांच्या तोंडी घातलेली नाही, हे ह्या पुस्तकाचे मोठेपण. न बोलण्याची संधी गमावून अनेकांनी पुष्कळ काही गमावले, अशा अर्थाचे किन्सेला मुलीला एका रात्री समुद्रकाठी सांगतो. ती ते विसरत नाही. निघण्यापूर्वीच्या एका संध्याकाळी ती एकटी पाणी आणावयास जाते आणि विहिरीत पडते. वाचते, पण सर्दी घेऊन घरी येते. ती शिंकताच बाप म्हणून जातो की, मुलांवर कोठवर लक्ष ठेवणार, तुम्हांला ठाऊक आहेच. ज्यांचा मुलगा घराजवळच बुडून गेला, त्यांच्यापुढे हे शब्द! आई त्याला नावाने हाक मारून गप्प करते. पुढे तीच मुलीला खोदून विचारते, तेव्हा मुलगी काही सांगत नाही. ज्यांनी आपल्याला सांभाळले त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका येऊ नये, एवढे त्या वयात तिला उमगले आहे.

एका ठिकाणी मात्र माझे लेखिकेशी जमत नाही. पत्त्यांत गाय हरणारा, खाली पडलेली रुबार्बची देठेही न उचलणारा हा बाप तिने फारच सोपा करून ठेवला आहे. त्याच्यावर रागावून वाचक मोकळा होतो. बाप कष्टाळू व मायाळू असता, तरी मुलीला परत जावेच लागले असते. आणि ते दुःख अधिक अवघड होते. आईच्या चित्रणात ही चूक झालेली नाही. ती थकलेली आहे, वाईट नाही.

शिवाय, मुकाट्याने सोसण्याचे कौतुक करण्याची आपणां श्रद्धावंतांना फार सवय आहे. संत योसेफाच्या मौनावर आपण किती प्रवचने ऐकली! कीगन त्या मौनाचा खर्चही मांडते. परत निघालेल्या गाडीत बसून किन्सेला बाई रडते, आणि मुलीला वाटते की, ती आता एकासाठी नव्हे, दोघांसाठी रडते आहे.

गाडी गल्लीच्या टोकाशी थांबते, किन्सेला फाटक लावावयास उतरतो. त्याने उन्हाळाभर टपालपेटीपर्यंत घड्याळ लावून पळवलेली ती मुलगी त्याच्याकडे धावत सुटते व त्याच्या कुशीत शिरते. त्याच्या खांद्यावरून तिला मागून येणारा बाप दिसतो. शेवटी ती ‘डॅडी’ म्हणते, दोनदा. ती हाक कोणाला आहे, हे आमच्या घरी तिघांनी तीन तऱ्हांनी वाचले.