एका विद्यार्थ्याचा निबंध

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. आजच्या विद्यापीठीय परिसंवादांत अध्यापक व विद्यार्थी या निबंधाचा निष्कर्ष आदराने उद्धृत करतात. त्याची रीत मात्र बाजूलाच राहते, असे आम्हांस वाटते.

सेनार, नेसफील्ड, रिस्ले व केतकर यांच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून तपासतात. केतकरांची थोरवी ते मान्य करतात, आणि तरीही विवाहबंदी व जन्मसिद्ध सभासदत्व ही त्यांची दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत, हे दाखवून देतात. बहिर्विवाही समाजावर अंतर्विवाह लादला की जात निर्माण होते. मग गटातील स्त्री-पुरुषांचे प्रमाण सांभाळणे भाग पडते. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह हे त्यासाठीचे उपाय. जातीचा भार स्त्रीच्या आयुष्यावर कसा पडला, याची उकल इतक्या थोड्या पानांत क्वचितच झाली असेल. शिवाय आपले मत चुकीचे ठरल्यास ते सोडण्याची तयारीही ते दर्शवितात. गौरवपर निबंध वाचणाऱ्यांनी एवढे तरी घ्यावे!

निबंधाला मर्यादा आहेतच. तार्दच्या अनुकरण-सिद्धान्तावर दिलेला भर आम्हांस अधिक वाटतो. अस्पृश्यतेचा प्रश्न तर त्यात जवळजवळ नाहीच. त्याची आणि बौद्धधम्माच्या ऱ्हासाची सांगड बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घातली.