न लिहिलेली ओळ

एनजिन्क्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग फाइल वरपासून खालपर्यंत वाचली तरी अपलोडच्या मर्यादेची ओळ बहुधा सापडत नाही. पण मोबाइलवर काढलेला तीन एमबीचा फोटो चढवायला जा, दारातच ४१३, म्हणजे 'विनंती फार मोठी'. ओळ कुणी लिहिलेली नसते, तरी ती लागू असते: क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ, १एम, म्हणजे एक एमबी. मला ही ओळ आवडते, ती याच गैरहजेरीसाठी.

शब्द नीट पाहा. त्यात 'फाइल' कुठेच नाही, 'बॉडी' आहे. म्हणजे तराजूवर नुसता फोटो चढत नाही. फॉर्ममधलं नाव, पत्ता, तुकडे वेगळे करणाऱ्या खुणा, सगळं त्यात आलं. पोस्टात पार्सल वेष्टणासकट तोलतात, तसं. त्यामुळे मोजून एक एमबीची फाइलही फॉर्ममधून पाठवली की अडते. आणि किंमत शून्य ठेवली तर? दार बंद होत नाही, सताड उघडतं! शून्य म्हणजे मोजूच नका.

याहून गोड आहे ती अधिकृत दस्तऐवजांतली एक कबुली: हा नकार ब्राउझरला धड दाखवता येत नाही. पाठवणाऱ्याने आकार आधीच सांगितलेला असतो, त्यामुळे सर्व्हर लगेच 'नको' म्हणतो. ब्राउझर मात्र अजून फोटो ओततच असतो. उत्तर ऐकायच्या आत जोडणी तुटू शकते आणि माणसाला वाटतं, नेट गेलं.

सर्व्हरच्या मागे फॉर्म हाताळणाऱ्या पीएचपी या भाषेची तऱ्हा निराळी. तिथे एका फाइलला २एम, सगळ्या फॉर्मला मिळून ८एम. दुसरी मर्यादा ओलांडली की फॉर्ममधली माहिती आणि फाइल दोन्ही रिकामी येतात, प्रोग्राम मात्र चालू राहतो. मग नाव भरलेल्या माणसालाच पान सांगतं, 'नाव भरा'. यापेक्षा ४१३चा तुसडेपणा मला परवडतो. अपाचे हा दुसरा वेब सर्व्हर तर २०२२पर्यंत आपणहून मुळीच अडवत नसे, २.४.५४ या आवृत्तीत त्याने १ जीबीचा उंबरा घातला.

एनजिन्क्सची ओळ शेवटी लिहिली जाते ती पहिली तक्रार आल्यावर. जाणता माणूस ती सगळ्या सर्व्हरला लावत नाही, कॉन्फिगमधल्या फोटो घेणाऱ्या लोकेशनपुरतीच ठेवतो: २०एम. रीलोड करतो. ४१३ जातं, आणि मागे उभा असलेला पीएचपीचा २एम पुढे येतो.