बटण दाबण्याचे पंचवीस हजार

"एका दिवसाचे पंचवीस हजार? नुसतं बटण तर दाबायचं असतं!" लग्न ठरलेल्या घरात हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. माझ्या संशोधनात हे वाक्य रोज समोर येतं. आणि या विषयावरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक त्याला नीट उत्तर देत नाही, ही माझी तक्रार आहे.

पुस्तक हान्स अबिंग यांचं, 2002 सालचं. विषय एकच, कलावंत गरीब का असतात? अबिंग स्वतः अर्थतज्ज्ञही आहेत आणि चित्रकारही, त्यामुळे ते आतून बोलतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कलेला आपण पवित्र मानतो, पैशाचा विषय काढणं कमीपणाचं वाटतं, म्हणून कमी पैशांतही माणसं या क्षेत्रात येत राहतात. अनुदानं वाढवली की आणखी येतात, आणि गरिबी हटत नाही. युक्तिवाद धारदार आहे. नेदरलँड्समधल्या अनुदानावर जगणाऱ्या चित्रकाराला तो बरोबर लागू पडतो.

पण आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरला? त्याला अनुदान कुठलं! पैसे मागायला तो लाजतही नाही. पैशाचा हिशोब नाकारतो तो गिऱ्हाईक.

समजा, ते पंचवीस हजार मिळाले. सहा लाखांचे कॅमेरे आणि लेन्स पाच वर्षं चालले, वर्षाला चाळीस दिवस काम मिळालं, तर दिवसाला तीन हजारांची झीज झाली. मदतनीस पाच हजार, अल्बम सात, प्रवास एक. उरले नऊ हजार. आता दिवस मोजा: शूटिंगचा एक, बोलणी आणि जागा बघण्यात एक, फोटो निवडून एडिटिंग करण्यात चार. म्हणजे दिवसाला दीड हजार. त्यातून दुकानाचं भाडं जायचंय, आणि चातुर्मासात मुहूर्त जवळजवळ नसतात तेव्हाही ते भरावंच लागतं.

अर्थात हा हिशोबही अर्धाच आहे, हे कबूल. खर्चावरून किमान दर कळतो, योग्य किंमत कळत नाही. फोटोचा उपयोग कुठे होणार यावर खरी किंमत ठरायला हवी. घरातल्या अल्बममधला फोटो आणि तोच फोटो एखाद्या दागिन्यांच्या जाहिरातीत, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. इथे कायदा मधे येतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. काढणारा नव्हे! 2012 च्या दुरुस्तीने फोटोंच्या कॉपीराइटची मुदत छायाचित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि पुढे 60 वर्षं अशी वाढवली, पण कराराशिवाय काम घेणाऱ्याला त्या लांबलेल्या मुदतीचा काय फायदा?

म्हणून अबिंग वाचताना मला सारखं वाटतं की ते कलावंताच्या मनात फार शिरतात आणि त्याच्या कागदपत्रांकडे कमी बघतात. मी पाहिलेल्या बऱ्याच दरपत्रकांत ड्रोनला वेगळा रकाना असतो, अल्बमच्या पानांना असतो, प्री-वेडिंगला तर असतोच. वापराच्या हक्काला मात्र नसतो. "सगळे फोटो पेनड्राइव्हमध्ये", ही ओळ बहुतेक वेळा मोफत सेवांच्या यादीत असते.