रझाकार कुणी व्हायचं?

दर वर्षी 17 सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. आपल्या जालना जिल्ह्यातल्या शाळांतही झेंडावंदन होतं, आणि कुठे कुठे मुलं नाटुकलं बसवतात. आम्ही अशी बरीच पाहिली. सत्याग्रही घोषणा देतो, रझाकार काठी चालवतो, मग भारतीय फौजा येतात आणि टाळ्या पडतात. यात खोटं काही नाही. पण एवढंच दाखवलं तर ते पुरं खरंही होत नाही.

आपला प्रश्न साधा आहे : रझाकार कुणी व्हायचं? वर्गातल्या मुसलमान मुलाच्याच हाती दर वेळी काठी दिली, तर सरांनी तोंडातून शब्द न काढता सगळ्या वर्गाला एक धडा शिकवून टाकला! प्लेटोला नकलेची भीती वाटे. ज्याची नक्कल करू तसेच आपण होऊ, असं तो म्हणे. आम्हाला धास्ती वेगळी आहे. नक्कल करणाऱ्याला बघणारेच तसा समजू लागतात.

म्हणून प्रसंग निवडण्यात दिग्दर्शकाची खरी कसोटी. शोएबुल्ला खान घ्या. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं, असं ते लिहीत राहिले. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. हे पात्र समोर आलं की रझाकार होणं ही जात-धर्माची गोष्ट नव्हती, ती निवड होती, हे मुलांना भाषणाशिवाय कळतं.

किंवा 1938 ची वंदे मातरम् चळवळ घ्या. गाणं सोडायचं की कॉलेज, हा पेच औरंगाबाद-हैदराबादच्या विद्यार्थ्यांपुढे होता. कित्येकांनी कॉलेज सोडलं. नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केलं. इथे मुलांना मुलांचीच भूमिका करायची आहे, दाढीमिशा चिकटवायच्या नाहीत.

आणखी एक. पोलीस कारवाईनंतर संस्थानात ठिकठिकाणी निरपराध मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीने ते नोंदवलं आहे. ते शाळेच्या नाटकात दाखवा, असं आम्ही म्हणत नाही. पण बसवणाऱ्याला ते ठाऊक हवं, म्हणजे शेवटच्या टाळ्या कुणाच्या अंगावर जात नाहीत.

तालमीत भूमिका आलटून-पालटून द्या. आज सत्याग्रही, उद्या रझाकार. नाटक पंधरा मिनिटांत संपतं. दुसऱ्या दिवशी त्या पोरांना एकाच बाकावर बसायचं असतं.