अंतराळ-साहसपटांच्या मालिकांतील हास्य आणि करुण : रसविरोध-परिहाराच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना

अंतराळ-साहसपटांच्या मालिका हा आज जागतिक चित्रपटव्यवसायाचा एक प्रमुख आधार झाला आहे. हिंदी भाषांतरित रूपाने या मालिका महागाव, उमरखेड, पुसद यांसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचल्या आहेत. या चित्रपटांच्या परीक्षणांत एक तक्रार वारंवार आढळते. कधी विनोदाने भावनेचा घात केला असे म्हटले जाते, तर कधी भावनेच्या ओझ्याखाली गंमत हरवली असे. दोन्ही तक्रारींमागे तराजूची कल्पना आहे. एका पारड्यात हास्य, दुसऱ्यात करुण, आणि काटा मध्यावर आला की चित्रपट साधला, असे त्यात गृहीत धरलेले असते. ही कल्पना अपुरी आहे. प्रश्न प्रमाणाचा नसून आश्रयाचा, क्रमाचा आणि अंगांगिभावाचा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

रसविरोध आणि त्याचा परिहार

भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त वीरापासून अद्भुताची उत्पत्ती सांगितली आहे. अंतराळ-साहसपटाचा मूळ पिंड याच दोन रसांचा असतो. हास्य आणि करुण मात्र परस्परविरोधी आहेत, असे विश्वनाथाचा 'साहित्यदर्पण' स्पष्टपणे नोंदवितो. तथापि विरोधी रस एका कृतीत येऊच नयेत, असे शास्त्रकार म्हणत नाहीत. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या विरोधाच्या परिहाराचे मार्ग दाखविले. विरोधी रसांचे आश्रय वेगळे ठेवावेत, दोहोंच्या मध्ये तिसऱ्या रसाची योजना करावी, किंवा एकाला दुसऱ्याचे अंग करावे. श्रीहर्षाच्या 'नागानंद' नाटकात शांत आणि शृंगार यांच्यामध्ये अद्भुत येतो, हा त्याचा प्रसिद्ध दाखला. मम्मटाने आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली. विरोधी भाव स्मृतीच्या रूपाने आला, तर तो बाधक होत नाही.

मराठी रंगभूमीला हा विचार अपरिचित नाही. १९१९ साली सावनेर येथे निधन पावलेल्या राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' त्याच वर्षी रंगभूमीवर आले. त्यातील तळीराम प्रेक्षकांना हसवतो; पण सुधाकराच्या हाती पहिला प्यालाही तोच देतो. आर्य मदिरा मंडळाचा विनोद सिंधूच्या शोकाला सौम्य करीत नाही, उलट अधिक दाहक करतो. येथे हास्य करुणाचे अंग झाले आहे. प्रमाणाच्या हिशेबाने पाहिले तर या नाटकात विनोद पुष्कळ आहे; तरीही ते आपली अभिजात शोकांतिका ठरले.

स्टार वॉर्स : आश्रय आणि क्रम

जॉर्ज लुकास यांच्या 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये हास्याचा भार प्रामुख्याने दोन यंत्रमानवांवर आहे. अकिरा कुरोसावा यांच्या 'द हिडन फोर्ट्रेस' (१९५८) मधील दोन सामान्य शेतकऱ्यांवरून ही जोडी सुचली. संस्कृत नाटकातील विदूषकाप्रमाणे ती नायकाच्या सोबत असते, पण त्याचा शोक स्वतःवर ओढून घेत नाही. आश्रयभेदाचे हे सरळ उदाहरण होय.

परंतु केवळ आश्रयभेद पुरेसा नसतो. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (१९८३) आणि 'द फँटम मेनेस' (१९९९) यांच्या अंतिम युद्धांची तुलना उद्बोधक ठरेल. दोन्हींत एकीकडे विनोदी प्राण्यांची लढाई आणि दुसरीकडे गंभीर द्वंद्व आलटून-पालटून दाखविले आहे. पहिल्यात अस्वलासारख्या इवोकांपैकी एक मरतो आणि त्याचा सोबती त्याच्याशेजारी शोक करतो. त्यामुळे त्या गमतीदार लढाईलाही मृत्यूची जाणीव स्पर्श करते. दुसऱ्यात जार जार बिंक्स निव्वळ धांदरटपणाने शत्रूला पाडत असतो आणि त्याच सुमारास क्वाय-गॉन या गुरूचा वध होतो. दोन्ही रस एकमेकांना लगटून येतात. मधे काहीच नाही. आश्रय वेगळे असूनही प्रेक्षकाचे चित्त एकच असते, हे येथे विसरले गेले आहे.

अद्भुताचे मध्यस्थान

जेम्स गन यांचा 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी' (२०१४) मृत्युशय्येवरील आईने पुढे केलेला हात न धरणाऱ्या मुलापासून सुरू होतो. शेवटी हाच नायक शत्रूपुढे नाचून त्याला गोंधळात टाकतो. पाठोपाठ विनाशक रत्नाची प्रचंड शक्ती त्याच्या देहात उसळते, आणि त्या क्षणी मैत्रिणीने पुढे केलेल्या हाताच्या ठिकाणी त्याला आईचा हात दिसतो. हास्य, अद्भुत, करुण असा हा क्रम आहे. 'नागानंदा'त अद्भुताने केलेले कार्य येथेही अद्भुतच करतो. अंतराळकथेला लाभलेली ही स्वाभाविक सोय आहे. विस्मय हा तिच्याजवळ नेहमीच हाताशी असणारा मध्यस्थ आहे. त्याच चित्रपटातील ग्रूट हे वृक्षपात्र एकच वाक्य बोलते आणि त्यावर प्रेक्षक हसत राहतो. आत्मबलिदानाच्या वेळी त्यात 'मी'च्या जागी 'आम्ही' येते आणि मागचे सारे हसू स्मृतिरूपाने शोकाला पुष्ट करते.

याउलट 'थॉर : रॅग्नारॉक' (२०१७) मध्ये एका समाजाची मातृभूमी डोळ्यांदेखत नष्ट होत असता कॉर्ग पाया शाबूत असल्याचा दिलासा देतो, आणि पुढच्याच क्षणी ती भूमी फुटते. विनोद चतुर आहे. पण तो शोकाचे अंग न होता त्याच्या जागी येऊन बसतो. त्याच दिग्दर्शकाच्या 'थॉर : लव्ह अँड थंडर' (२०२२) मध्ये जेनचा कर्करोगाने होणारा मृत्यू गंभीरपणेच चित्रित केला आहे. मात्र तोवर प्रत्येक भावनेची थट्टा करण्याची सवय प्रेक्षकाला लावलेली असल्याने त्या गांभीर्यावर विश्वास ठेवणे अवघड जाते.

मुंबईतील एक मालिका

राकेश रोशन दिग्दर्शित 'कोई मिल गया' (२००३), 'क्रिश' (२००६) आणि 'क्रिश ३' (२०१३) ही मुंबईत निर्माण झालेली मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. येथे आश्रयभेद नाही. लहान मुलांसोबत शिकणारा, बौद्धिक वाढ खुंटलेला रोहित हाच हसवतो आणि त्याच्याविषयीच करुणा वाटते. ही योजना धोक्याची आहे, कारण व्यंगाला हसण्याचा मोह तिच्यात दडलेला असतो. काही प्रसंगांत चित्रपट त्या मोहाला बळीही पडतो. परंतु आईची दृष्टी सतत जवळ असल्याने आणि परग्रहवासी जादूच्या आगमनाने विस्मय मध्ये आल्याने विरोध बऱ्याच अंशी मावळतो. पुढील भागांत अंतराळ मागे पडून वीररस प्रबळ झाला. तरी 'क्रिश ३' मध्ये मुलासाठी प्राण देणारा वृद्ध रोहित हृदयाला भिडतो, तो दहा वर्षांपूर्वीच्या त्या निरागस हसण्याच्या आठवणीमुळेच.

समारोप

सुट्या कृतीला उपलब्ध नसलेले एक साधन चित्रपटमालिकेजवळ असते, ते म्हणजे प्रेक्षकाची दीर्घ स्मृती. एका भागातील हास्य पुढच्या भागातील करुणाचे भांडवल होऊ शकते. पण प्रत्येक शोकाची थट्टा केली, तर तेच भांडवल उधळलेही जाते. म्हणून किती हसवले यापेक्षा कोणी, केव्हा आणि कोणत्या रसाचे अंग म्हणून हसवले, हे समीक्षकाने विचारणे अगत्याचे आहे.

या विवेचनाला अध्यापनाचीही एक बाजू आहे. रसविरोधाचे प्रकरण वर्गात बहुधा व्याख्या व भेद यांपुरते शिकविले जाते आणि परीक्षेबरोबर संपते. विद्यार्थी ज्या चित्रपटांना हसतात आणि ज्यांत मूकपणे डोळे पुसतात, त्यांचा दाखला घेऊन ते शिकविल्यास आपल्या भावनेला काही शिस्त आणि कारण आहे हे त्यांना कळेल. आनंदवर्धनाचा विचार अकराशे वर्षांनंतरही उपयोगी पडतो, हे त्यांना सांगण्यापेक्षा त्यांनीच तो वापरून पाहावा, हे अधिक श्रेयस्कर.